पाण्यासमोरचा अर्धा तास

सुरुवातीलाच माफी मागतो. कुंदा मॅडमवर लिहिण्याचा अधिकार खरं तर माझा नाही. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं आहेत, त्यांच्या हाताखाली शिकून मोठे झालेले डॉक्टर आहेत. मी त्यांच्या रामदासपेठेतल्या ऑफिसात कॉलेज सांभाळून अर्धवेळ काम करणारा मुलगा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलो की कुणीतरी मागे उभं राहून वाचतंय असं वाटत राहतं. पण मॅडमना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "लिही ना गा. चुकलं त खोडता येते." त्या इथे नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मीच स्वतःला परवानगी देतो आहे.

कुणाच्याही घरी गेलं की मॅडम आधी पाणी मागायच्या. घरातून ग्लास येण्याची वाट पाहायच्या नाहीत. दारात चप्पल काढता काढताच म्हणायच्या, "बाई, पाणी द्या वं थोडं." पाणी आलं की ग्लास दोन्ही हातांनी घ्यायच्या, खांद्यावरच्या झोळीतून क्लोरीनची छोटी पांढरी बाटली काढायच्या, दोन-चार थेंब ग्लासात टाकायच्या आणि ग्लास समोर ठेवून द्यायच्या. मग अर्धा तास त्याला हात लावायच्या नाहीत. पाण्यातले जंतू मारायला औषधाला तेवढा वेळ लागतो. तोवर त्या बोलत बसायच्या, त्याहून जास्त ऐकत बसायच्या. वेळ झाली की एका दमात ग्लास रिकामा करून म्हणायच्या, "गोड आहे पाणी." क्लोरीन टाकलेलं पाणी गोड लागत नाही. मी पिऊन पाहिलं आहे.

डॉ. कुंदा गजभिये साठी ओलांडलेल्या होत्या. ठेंगण्या, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, दोन्ही गुडघे दुखरे. सिएरा लिओन, झांबिया, मलावी अशा देशांत त्यांची नोकरीची बहुतेक वर्षं गेली होती. तिकडे कॉलरा, गोवर, इबोला अशा साथी येत, तेव्हा साथीच्या मागे मागे गावोगाव फिरायचं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्या नागपूरला परतल्या, पण काम सोडलं नाही. रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर दोन खोल्या घेतल्या आणि तिथे बसून संशोधन चालू ठेवलं. प्रश्न एकच होता. साथ एका गावात लवकर थांबते आणि शेजारच्याच गावात थांबत नाही, हे काहून होते. "काहून" हा शब्द त्यांच्या तोंडी इतक्यांदा यायचा, की मलावीतल्या आरोग्य सेवकांनाही तो पाठ झाला होता. तिकडून फोनवर इंग्रजी बोलता बोलता ते मध्येच विचारायचे, "मॅडम, बट काहून?"

माझी आणि त्यांची पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. हॉस्टेलवरून उन्हात चालत गेलो होतो, घसा कोरडा पडला होता. मॅडमनी ग्लासभर पाणी माझ्यासमोर ठेवलं. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांब. अजून वेळ आहे." मला वाटलं ही परीक्षा आहे. मग त्यांनी विचारलं, गाव कोणतं. नरखेड तालुक्यातलं नाव सांगितलं. तिथून त्या विहिरीवर आल्या, विहिरीवरून मोटारीवर, मोटारीवरून संत्र्याच्या बागांवर, बागेतून माझ्या बापाच्या मोटारसायकलवर. बाप गावोगाव पंप दुरुस्त करत फिरतो हे त्यांना कळलं. गावातल्या कोणत्या दोन घरांचं बोलणं बंद आहे आणि कोणत्या लग्नापासून, हेही कळलं. मी ज्या गोष्टी हॉस्टेलच्या रूममेटलाही सांगितल्या नव्हत्या त्या सांगून बसलो. शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पी आता. झाला तुझा इंटरव्ह्यू."

"मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे," मी खरं ते सांगितलं. काम मलावीहून आलेले फोन ऐकून लिहून काढण्याचं होतं.

"मंग त बरं आहे," त्या म्हणाल्या. "पक्कं इंग्रजीवाले अर्धंच ऐकते. बाकीचं त्यांले आधीच समजलेलं असते."

ऑफिसात आम्ही तिघं. मॅडम, मी आणि पल्लवी. पल्लवी संख्याशास्त्र शिकलेली, नागपूरचीच, वडील बँकेतून निवृत्त झालेले. आकडे, तक्ते, नकाशे ती सांभाळायची. भिंतीवर मलावीचा मोठा नकाशा होता, त्यात वरपासून खालपर्यंत काकडीसारखं पसरलेलं निळं सरोवर. पहिल्या आठवड्यात पल्लवीनेच माझ्या मनातला प्रश्न विचारून टाकला. "मॅडम, घरोघरचं समजलं. पण इथे महापालिकेच्या नळाचं पाणी आहे, तुम्ही थेंबही टाकत नाही. मग पाहुण्याला अर्धा तास कोरडं काहून ठेवता?"

"थेंब पाण्यासाठी असते," मॅडम म्हणाल्या. "अर्धा तास माणसासाठी."

त्या अर्ध्या तासाचा एक नियम होता. आजाराविषयी एक अक्षर काढायचं नाही. मॅडमचं म्हणणं असं, की तुम्ही फॉर्म हातात घेऊन गेलात आणि जुलाब किती झाले विचारलं, की माणूस तुम्हाला हवं ते उत्तर देतो आणि दार लावून घेतो. बसून राहिलात तर तो स्वतःहून सांगतो, आणि सांगतो ते फॉर्मवर नसतंच. आमच्या कामाला पैसे देणाऱ्या संस्थेचे एक साहेब एकदा दिल्लीहून आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात जाड फाइल. त्यांना आमची पद्धत समजून घ्यायची होती. मॅडमनी त्यांच्यासमोर ग्लास ठेवला. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावरच्या झाडावरून विषय निघाला, झाडावरून त्यांच्या लहानपणच्या अंगणावर आला, आणि थोड्या वेळाने साहेब आम्हाला सांगत होते की त्यांची मुलगी त्यांच्याशी फोनवर फक्त हो आणि नाही एवढंच बोलते. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी फाइल उघडली. मग म्हणाले, "तुमची पद्धत दाखवणार होतात ना?"

"दाखवली न सर," मॅडम म्हणाल्या.

पल्लवी हसू दाबायला आतल्या खोलीत गेली. तिकडून कपाट उघडल्याचा आणि उगाच लावल्याचा आवाज येत राहिला.

दुपारी चहानंतर फोनची वेळ. सरोवराकाठच्या एका गावात मर्सी नावाची मुलगी आरोग्य सेविका होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. त्याच गावात जन्मलेली, बारावीपर्यंत शिकून तिथेच नोकरीला लागलेली. ती बोलायची कमी आणि हसायची जास्त, त्यामुळे रेकॉर्डिंग लिहून काढताना मला कंसात "हसते" हा शब्द फार वेळा लिहावा लागायचा. मॅडम तिला रोज एकच गोष्ट विचारायच्या. आज गावात लोक काय बोलून राहिले? मर्सी अफवा सांगायची. लस घेतली की केस जातात. शहरातल्या डॉक्टरांना आजारी माणसामागे पैसे मिळतात. पल्लवी असल्या गोष्टी ऐकून कपाळावर हात मारायची. मॅडम तिला थांबवायच्या. "अफवा म्हणजे लोकाईनं विचारलेला सवाल असते, पोरी. त्याले उत्तर द्या लागते. डाफरशीन त सवाल तसाच राहते अन् माणूस मात्र निघून जाते."

मर्सी मला संत्र्यांविषयी विचारायची. मी एकदा सांगितलं होतं की आमच्या भागात झाडाखाली इतकी संत्री पडतात की गायी खातात. तिला ते खोटं वाटलं. दर फोनवर विचारायची, "आज गायींनी काय खाल्लं?"

संत्र्यांच्या हंगामात मॅडम आमच्या गावी आल्या. मी बोलावलं नव्हतं, हिंमतच नव्हती. त्याच म्हणाल्या, "तुझ्या गायी पाहाच्या आहे मले." एसटीने काटोलमार्गे आलो. आईने सकाळपासून घर सारवल्यासारखं स्वच्छ करून ठेवलं होतं. स्टीलचा ग्लास राखेने घासून चकचकीत केला होता. मॅडमनी दारातच पाणी मागितलं, आई खूश झाली, ग्लास भरून आणला. मॅडमनी झोळीतून बाटली काढली, थेंब टाकले आणि ग्लास बाजूला ठेवला.

आईचा चेहरा पडला. मी सांगायला पाहिजे होतं, पण मला ती सवय इतकी अंगवळणी पडली होती की सुचलंच नाही. आई आत गेली. चुलीपाशी तिचं बोलणं ऐकू आलं, हळू, पण आमच्या घराच्या भिंती काही जाड नाहीत. "शिकली, मोठी झाली बाई. आपलीच असून आपल्या घरचं पानी चालत नाही तिले."

मॅडमनी ते ऐकलं. उठल्या, गुडघ्यावर हात टेकत आत गेल्या आणि आईशेजारी जमिनीवर बसल्या. ग्लास हातात तसाच. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी ऑफिसातही ऐकलं नव्हतं.

त्यांची आजी मौद्याकडच्या एका खेड्यातली. दुसऱ्यांच्या विहिरीवर तिला घागर लावू देत नसत. कुणाला दया आली तर वरून धार धरायचे, ही खाली ओंजळ करून प्यायची. पाणी अर्धं तोंडात, अर्धं लुगड्यावर. आजोबांनी नागपूरला येऊन दीक्षा घेतली, पुढे पैसे जमवून अंगणात हातपंप बसवला. तेव्हापासून घराचा नियम झाला, की दारावरून जाणाऱ्याला पाणी पाजल्याशिवाय सोडायचं नाही आणि कुणी पाणी दिलं तर नाही म्हणायचं नाही.

"पाण्याले नाही म्हणणं माह्या रक्तात नाही, बाई," मॅडम म्हणाल्या. "पण तिकडे एकेका घरी एकाच दिवशी दोन-दोन लेकरं गेलेली पाह्यली मी. तेही पाणीच पेले होते. आता नाही म्हणता येत नाही, अन् डोळे मिटून पेताही येत नाही. मंग हा अर्धा तास सापडला मले मधात."

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग तिने मॅडमच्या हातातून ग्लास काढून घेतला, पाणी अंगणात ओतलं आणि माठातून नवीन भरून आणलं. आता काय होतंय ते मला कळेना. आईने मॅडमसमोर हात पसरला.

"ते बाटली इकडे द्या. माह्या घरचं पानी हाय. त्याच्यात काय टाकाचं असन ते मीच टाकीन."

मॅडमनी बाटली दिली. आईने थेंब टाकले, जरा जास्तच पडले, आणि ग्लास दोघींच्या मध्ये ठेवला. "बसा आता अर्धा तास," ती म्हणाली. "सांगा, लेकरं किती तुमाले?"

परतीच्या एसटीत मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर आईने दिलेली संत्र्यांची पिशवी. काटोल मागे पडल्यावर म्हणाल्या, "किती वर्षं झाली गा मले. हजार घरी पाणी पेली असन. अन् दर टायमाले थेंब मीच टाकून राहिली होती." मग स्वतःशीच हसल्या आणि एक संत्रं सोलायला घेतलं.

डिसेंबरात, म्हणजे तिकडे पावसाळा लागला तेव्हा, सरोवराकाठी कॉलरा आला. मर्सीच्या फोनमधलं हसणं कमी झालं. आधी पलीकडच्या कोळीवस्तीत माणसं आजारी पडली, मग तिच्या गावात. तिचं काम सोपं होतं. बायका पाणी भरून निघाल्या की प्रत्येकीच्या भांड्यात क्लोरीन टाकायचं. पहिले काही दिवस बायका थांबल्या. मग थांबेनाशा झाल्या. एका दुपारी तिचा फोन आला तो गावातून नव्हता. ती तालुक्याच्या ठिकाणी मावशीकडे होती.

"मला गावातून हाकलून लावलं, मॅडम," ती म्हणाली. लोक म्हणत होते की या औषधाने बायकांची कूस बंद होते. एका म्हातारीने पुढाकार घेतला होता. मासळी वाळवणारी, सगळं गाव तिला आगोगो म्हणजे आजी म्हणतं. तिच्या नातीचं नुकतंच लग्न झालेलं. तिने मर्सीच्या हातातली बाटली घेऊन सरोवरात फेकली आणि सांगितलं, पुन्हा गावात दिसू नकोस. आणि हे बोलणारी आगोगो मर्सीची सख्खी शेजारीण होती, लहानपणी तिला खांद्यावर घेऊन फिरलेली. आता गावात पाण्यात औषध टाकणारं कुणी नव्हतं. साथ चालूच होती.

पल्लवी म्हणाली, "पोलीस पाठवायला हवेत तिथे." मॅडमनी हाताने तिला गप्प केलं. स्पीकरच्या जवळ वाकल्या.

"मर्सी, तुला तहान लागते तेव्हा तू काय पितेस?"

मर्सीने प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मॅडमनी तो तसाच विचारला.

"बाटली," मर्सी म्हणाली. "आम्हा कर्मचाऱ्यांना सीलबंद बाटल्या येतात. साथीच्या गावातलं पाणी प्यायचं नाही असा नियम आहे."

"आणि ती तू पाण्याच्या रांगेसमोर उभी राहून पितेस."

"ऊन फार असतं, मॅडम."

मॅडम मागे टेकल्या. आम्हाला समजायला दोन क्षण लागले. गावाने डोळ्यांनी जे पाहिलं ते असं होतं, की आपली मुलगी आपल्या पाण्यात काहीतरी टाकते आणि स्वतः मात्र ते पीत नाही. नियम करणाऱ्याचं चूक नव्हतं, मर्सीचंही नव्हतं. पण आगोगोने जे विचारलं होतं त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"आता नियम मोडून मी पाणी प्यायले तर ते मला घेतील का परत?" मर्सीने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. "मॅडम, माझं गाव आहे ते."

"मी येते," मॅडम म्हणाल्या.

हे आम्हाला सगळ्यांना नवीन होतं. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना जिना चढायलाही मनाई केली होती. त्या रोज आमचा जिना चढायच्या ही गोष्ट वेगळी. पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. स्पीकरवर नव्हता तरी आम्हाला ऐकू आला. आई, या वयात, या गुडघ्यांनी, साथीच्या गावात. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं तुझं बोलून? आता मले सांग, तुह्या घरी पाणी कोण भरते?" मुलगा गोंधळला. मॅडम त्याच्या घरच्या पाण्यावर, मोलकरणीवर, नातवाच्या शाळेवर बोलत राहिल्या. शेवटी तो म्हणाला की गुडघ्याचे पट्टे तरी ने. फोन ठेवून त्या आमच्याकडे वळल्या. "पाहिलं नं. पाण्याबिगरही जमते कधी कधी."

विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. पल्लवीने झोळीत गोळ्या, मलम, पट्टे कोंबले होते. मी काहीच आणलं नव्हतं, काय आणायचं ते सुचलं नव्हतं. मॅडमनी झोळीतून ती पांढरी बाटली काढून मला दाखवली. "ही यावेळेस माह्या हातात नाही राहणार. तुही माय संग आहे माह्या," असं म्हणून आत गेल्या. सामानाची ट्रॉली ओढत, एका पायाने किंचित लंगडत. मागे वळून हात केला नाही. त्यांना ती सवय नाही.

मग बरेच दिवस काही कळलं नाही. तिकडे पाऊस जोराचा होता, वीज नव्हती, टॉवर बंद. मी पाठवलेल्या मेसेजवर एकच राखाडी टिक. पल्लवी नकाशासमोर उभी राहायची आणि त्या गावाच्या ठिपक्याकडे पाहायची, जणू तो हलेल. आम्ही दोघं जुनी रेकॉर्डिंग लिहून काढत होतो. मर्सीचं जुनं हसणं ऐकायला यायचं आणि मी कंसात "हसते" लिहायचो. आई रोज फोनवर विचारायची, "बाईचं काही समजलं का?" नाही म्हटलं की म्हणायची, "समजन. पानी मुरायले टाइम लागते."

कोण जाणे का, पण त्या दिवसांत ऑफिसात कुणी आलं की मी समोर पाण्याचा ग्लास ठेवायला लागलो. कुरिअरवाल्यालाही. तो म्हणाला, "भाऊ, मले पुढे जायचं आहे." मी म्हटलं, पिऊन जा. त्याला मी थांबवलं नाही. मॅडमसारखं गप्प बसून राहणं मला अजून जमत नाही.

काल दुपारी चहाच्या वेळी माझा फोन वाजला. मर्सीचा आवाजी मेसेज होता. पल्लवी खुर्ची ओढून जवळ आली. मी नेहमीच्या सवयीने कागद-पेन घेतलं.

मर्सी सांगत होती. मॅडम पोहोचल्या त्या दिवशी त्या थेट आगोगोच्या दारात गेल्या आणि पाणी मागितलं. मर्सी त्यांच्या मागे उभी होती. आगोगोने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा गेल्या, पुन्हा मागितलं. आगोगो म्हणाली, तुमच्याकडे तुमचं बाटलीतलं असेल ते प्या. मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे नाही, मला तुमचंच पाहिजे. असे बरेच दिवस गेले. पावसात मॅडम छत्री धरून मासळी वाळवायच्या माचाखाली बसून राहायच्या. पोरं जमायची, त्यांच्या गुडघ्याचे पट्टे हात लावून पाहायची. त्या आठवड्यात आगोगोच्या शेजारचं एक मूल आजारी पडलं. वेळेवर कॉलऱ्याच्या उपचाराच्या तंबूत नेलं, वाचलं. संध्याकाळी आगोगो स्वतः पाण्याचा मोठा कप घेऊन बाहेर आली आणि विचारलं, हे कोण पिणार.

"आम्ही दोघी," मॅडम म्हणाल्या, "पण आधी हे." आणि पांढरी बाटली मर्सीच्या नाही, आगोगोच्या हातात दिली.

आगोगोने बाटलीचा वास घेतला. नाक मुरडलं. आपल्या नातीला बोलावलं, तिलाही वास दिला. मग थेंब टाकले. मॅडमनी सांगितलं, आता थांबायचं. आगोगो म्हणाली, थांबायचं तर बसा मग. आणि अंधार पडेपर्यंत तीच बोलत होती, मर्सी म्हणाली. मासळीचं, पावसाचं, मर्सी लहान असताना तिने कसं मातीचं भांडं फोडलं होतं त्याचं. मग तिने कप उचलला आणि मॅडमना नाही, आधी मर्सीला दिला. मर्सी प्यायली. उरलेलं मॅडम प्यायल्या. मग आगोगोने आतून घागर आणली आणि म्हणाली, आता यात किती टाकायचं ते सांग.

"मी घरून बोलते आहे," मर्सी म्हणाली. "माझ्या स्वतःच्या घरून." आणि हसली. मी कंसात लिहिलं.

मेसेज संपला असं वाटलं, पण शेवटी खरखर झाली आणि मागून मॅडमचा आवाज आला, थोडा बसलेला, तोच.

"पोट्ट्या, लिहून घेऊन राहिला असशीन. पेन ठेव अन् तुह्या मायले फोन लाव. सांग तिले, थेंब घरवालीनंच टाकले."